योगायोग घडवणारे अंक

डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरीला असलेल्या विल्यम गॉसेट यांनी ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या ३००० तुकड्यांवर उतरवून घेतली. तुकडे नीट पिसले, एकेक काढत चार-चारांचे ७५० गट पाडले. मोजक्या मोजमापांवरून काढलेली सरासरी कितपत भरवशाची, हा त्यांचा प्रश्न होता. गणिताने उत्तर मिळण्याआधी ते त्यांनी असे हातांनी शोधू पाहिले. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिलेला त्यांचा निबंध १९०८ साली छापून आला.

दरवेळी पुठ्ठे कोण पिसणार? १९२७ मध्ये संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांनी जनगणनेच्या अहवालांतून उचललेले ४१,६०० अंक तक्त्यांच्या रूपात छापले. योगायोग आता पुस्तकात मिळू लागला.

खरी उडी मात्र १९४६ची. मेंदूच्या गंभीर आजारातून सावरताना गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम पत्त्यांचा ‘कॅनफील्ड’ हा एकट्याने खेळायचा डाव मांडत. डाव सुटण्याची संभाव्यता किती? पत्त्यांच्या मांडण्या इतक्या, की हिशेब हाताबाहेर जातो. त्यापेक्षा शंभर डाव खेळून सुटलेले मोजावेत, असे त्यांच्या मनात आले. अण्वस्त्रातल्या न्यूट्रॉनांचा प्रवास याच रीतीने मोजता येईल, हे त्यांना आणि जॉन फॉन नॉयमन यांना लगेच उमगले. न्यूट्रॉन आदळेल, शोषला जाईल की निसटेल, हे प्रत्येक टप्प्यावर एका यादृच्छिक अंकाने ठरवायचे, आणि असे हजारो प्रवास संगणकाकडून करवून घ्यायचे. १९४८ मध्ये ‘एनिॲक’वर ते झाले, त्याच्या आज्ञावलीचे मोठे काम क्लारा फॉन नॉयमन यांचे. त्यांचे नाव या कथेत फार उशिरा येते, हे मला खटकते.

रीत सोपी असली तरी महाग आहे. चूक निम्मी करायची तर डाव चौपट खेळावे लागतात. उत्तरात दशांशाचे एक घर वाढवायला शंभरपट. म्हणजे अंक अफाट लागतात, आणि ते यंत्रानेच बनवावे लागतात. जॉन फॉन नॉयमन यांची युक्ती अशी: संख्येचा वर्ग करा, मधले अंक उचला, पुन्हा वर्ग करा. पण ३७९२ घेऊन पाहा. वर्ग १४३७९२६४, मधले चार अंक पुन्हा ३७९२! साखळी तिथेच अडकते. आपल्या देवळालीच्या द. रा. कापरेकरांची ६१७४ ही संख्या अशीच: तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी केली की पुन्हा ६१७४. कापरेकरांकडे जे सौंदर्य ठरते, तेच इथे घात करते.

पुढे १९६०च्या दशकात ‘रँडू’ नावाचे सूत्र आयबीएमच्या संगणकांवर सर्रास वापरात आले. वरवर त्याचे अंक निर्दोष वाटत. पण लागोपाठचे तीन-तीन अंक घेऊन घनात बिंदू मांडले, तर सगळे बिंदू अवघ्या १५ प्रतलांवर बसतात. मधली जागा कायम रिकामी! त्यावर बेतलेले निष्कर्ष कितपत खरे धरायचे?

म्हणून संशोधकांना माझी आग्रहाची विनंती आहे: निबंधात किती वेळा डाव खेळलात हे तर सांगाच, पण अंक कोणत्या सूत्राने काढले आणि सुरुवात कोणत्या संख्येने केली, हेही छापा. दुसऱ्याला तोच डाव पुन्हा मांडून पाहता आला पाहिजे.