पिवळ्या गुळातला सल्फाइट

गुळाची ढेप घेताना आपण आधी रंग बघतो. पिवळाधमक असला की गिऱ्हाईक खूश, काळपट असला की भाव पडला. आपल्या धाराशिव जिल्ह्यात गुऱ्हाळेही आहेत आणि ढोकीच्या तेरणेसारखे साखर कारखानेही. पांढऱ्या साखरेसाठी गंधक जाळून त्याचा वायू उसाच्या रसात सोडतात. काही गुऱ्हाळांत काहिलीत हायड्रॉसची पूड पडते. (भेंडीच्या चिकाने मळी काढणारे गुळवे वेगळे, त्यांचा गूळ दिसायला सावळाच.) मागे उरतो तो सल्फाइट.

बहुतेकांना तो बाधत नाही. दम्याच्या काही रोग्यांना मात्र थोड्याशानेही धाप लागते. आपल्याकडे गुळासाठी किलोला ७० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. अमेरिकेत १० मिलिग्रॅम भरला तरी वेष्टनावर तसे छापावे लागते. दहा मिलिग्रॅम म्हणजे लाखात एक भाग. तो मोजायचा कसा?

मोनिए-विल्यम्स यांची १९२७ पासूनची रीत अशी : पदार्थ आम्लात उकळायचा, निघालेला वायू हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये धरायचा आणि तयार झालेले आम्ल मोजायचे. रीत भरवशाची, पण वेळखाऊ. शिवाय लसूण-कांद्यातला मूळचा गंधकही ती सल्फाइट म्हणून मोजते!

दुसरी वाट प्रकाशाची. नोटेवरचे आकडे जांभळ्या दिव्याखाली चमकतात ना, तीच ही प्रतिदीप्ती. पदार्थ एका रंगाचा प्रकाश गिळतो आणि दुसऱ्या रंगाचा परत देतो. काही रंगद्रव्यांच्या रेणूला सल्फाइट नेमका एका जागी येऊन चिकटतो. मग रेणूची चमक बदलते. कुठे विझलेली पेटते, कुठे पेटलेली मंदावते. आधी ठाऊक प्रमाणाची द्रावणे तपासून तक्ता करायचा आणि आपल्या नमुन्याची चमक त्याच्याशी ताडायची. इतके बारीक मोजमाप साधते, कारण यंत्र ही चमक अंधाराच्या पार्श्वभूमीवर पाहते. काजवा दुपारी दिसत नाही, अवसेला दिसतो, तसेच.

गुळाचे पाणी मात्र त्रास देते. तपकिरी रंग प्रकाश गिळतो, काही घटक स्वतःच चमकतात. म्हणून ते पातळ करून, त्यात ठाऊक मापाचा सल्फाइट घालून पुन्हा मोजावे लागते. घाईही करावी लागते. द्रावणातला सल्फाइट हवेने सल्फेट होतो. गुळाचे पाणी उघडे ठेवून दुसऱ्या दिवशी तपासले, तर तोच गूळ फुकटचा निर्दोष ठरतो.