पंच कोणाला नेमावे?

खामगाव-मलकापूर भागात कापूस येऊ लागला, की जिनांच्या आवारात आणि व्यापाऱ्यांच्या गोदामांत बायाबापड्या कामाला लागतात. एखाद्या लहान गोदामात चारच बाया असतात आणि त्यांच्यावर एक मुकादम. समजा, तो मुकादम त्यांतल्या एकीशी नको ती लगट करू लागला. मालकाला सांगावे, तर तो म्हणतो, "उद्यापासून येऊ नको." कधी लगट करणारा मालक स्वतःच असतो. मग तिने जावे कुठे? पोलिसांचा रस्ता तिला मोकळा आहेच. पण तिला पहिली काळजी असते उद्याच्या हजेरीची, आणि दुसरी गावातल्या बोलण्याची.

अशा बाईसाठी 2013 साली एक कायदा झाला आणि त्याच वर्षी 9 डिसेंबरपासून तो लागू झाला. त्याची मुळे राजस्थानातल्या एका खेड्यात आहेत. बालविवाह रोखण्याचे सरकारी काम करणाऱ्या भंवरीदेवींवर 1992 साली अत्याचार झाला. त्यातून निघालेल्या 'विशाखा' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 13 ऑगस्ट 1997 रोजी कामाच्या जागी बाईची अब्रू राखण्याचे नियम घालून दिले. त्यांचेच पुढे कायद्यात रूपांतर झाले. जिथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात, तिथे मालकाने आपली अंतर्गत समिती नेमायची. जिथे दहापेक्षा कमी आहेत, किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार ऐकते. धुणीभांडी करणारी मोलकरीणही हिच्याकडेच येते.

आता या समितीत बसते कोण? न्यायाधीश नव्हे. अध्यक्ष म्हणून समाजकार्यात नाव असलेली बाई. दुसरी जागा जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्यात किंवा नगरपालिकेच्या हद्दीत काम करणाऱ्या बाईची. आणखी दोघे स्त्रियांसाठी झटणाऱ्या संस्थांतले, किंवा या प्रश्नाची जाण असलेले. त्यांत एक तरी स्त्री हवी, आणि शक्य तर एकाला कायद्याची माहिती हवी. नेमलेल्यांत एक स्त्री अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग किंवा अल्पसंख्याक समाजातली असलीच पाहिजे. पाचवा सदस्य समाजकल्याण किंवा महिला-बालविकास खात्याचा अधिकारी. नेमणूक सरकारने ठरवलेला जिल्हा अधिकारी करतो, म्हणजे जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या बरोबरीचे, हाताखालचे अधिकारी. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची.

इंग्लंडातही नोकरीच्या तंट्यांसाठी 1964 पासून न्यायमंडळे निघाली, आणि कायदा जाणणाऱ्या अध्यक्षाच्या एका बाजूला मालकवर्गातला, दुसऱ्या बाजूला कामगारवर्गातला माणूस बसवण्याची रीत तिथे पडली. कामाची जागा ज्याने पाहिली आहे तो खरेखोटे लवकर ओळखतो, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे पंच म्हटले की पारावरची पंचायत आठवते. तिथे बाईला उभे करीत. बसवीत कोणी नसे.

म्हणून मला ती दुसरी जागा सर्वांत मोलाची वाटते. तालुक्यात काम करणारी बाई, एवढेच कायद्याचे शब्द आहेत. ती कचेरीतलीच हवी, असे त्यात कुठे म्हटलेले नाही. पण यादी करताना कारकुनाच्या हाताशी जे नाव असते, तेच कागदावर चढते, आणि ती खुर्ची शोभेची होऊन बसते. वेचणीला जाणारी बाई मोठ्या टेबलासमोर आली की आधीच गांगरते. "सायेब इचारतीन, त म्या काय सांगू?" असे तिच्या मनात असते. समोर आपल्यासारखीच, मजुरीचा हिशोब ठाऊक असलेली एक बाई दिसली, तर तिचे तोंड उघडते. तिला लिहिता येत नसेल, तर तक्रार लिहून काढायला मदत करणे हे सदस्यांचे कर्तव्यच आहे.

तुम्ही म्हणाल, ओळखीची बाई पंच झाली तर गोष्ट गावभर होईल. शंका रास्त आहे. तक्रार करणारीचे नाव किंवा चौकशीतली हकीकत बाहेर फोडणाऱ्या सदस्याची खुर्ची जाते, शिवाय 5,000 रुपये दंड. नात्यातले प्रकरण आले तर त्या सदस्याने बाजूला व्हावे. तीन जण बसले तरी चौकशी चालते.

आणि हे पंच नुसते समजूत घालणारे नव्हेत. साक्षीदाराला बोलावणे, कागद मागवणे, हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. वकील कोणत्याच बाजूला घेता येत नाही, त्यामुळे पैसेवाल्याचे पारडे तेवढे तरी जड होत नाही. 90 दिवसांत चौकशी संपवायची असते. तडजोड करायची तर ती बाईने मागितली तरच, आणि पैसे देऊन मिटवामिटवी नाहीच. एवढ्या कामाला अध्यक्षांना दिवसाला 250 रुपये आणि संस्थांतल्या दोघा सदस्यांना 200 रुपये भत्ता नियमांत ठरला आहे; तालुक्यातल्या त्या दुसऱ्या जागेवरच्या बाईला आणि अधिकारी सदस्याला तो नाही. रोजंदारीवरची बाई पंच व्हावी असे वाटत असेल, तर तिलाही तो मिळायला हवा होता.

कायदा झाला 2013 साली. पण जिल्ह्या-जिल्ह्यांत समित्या नेमा म्हणून सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर 2024 मध्ये तारखा घालून द्याव्या लागल्या. यावरून कागद आणि काम यांतले अंतर कळते. आपल्या जिल्ह्यात दुसरेही अंतर आहे. बुलढाणा घाटावर; संग्रामपूर, जळगाव जामोद घाटाखाली, सातपुड्याच्या पायथ्याशी. एका तक्रारीसाठी मजुरी बुडवून घाट चढायचा कोणी? म्हणून प्रत्येक तालुक्याला एक नोडल अधिकारी, म्हणजे तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पोचवणारा अधिकारी, नेमायचा असतो.

गुरुजी आणि बाईंनो, गावातली कोणती बाई सरळ आहे आणि कोणाच्या पोटात गोष्ट राहते, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक असते? समितीची मुदत संपत आली की अशी नावे जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कचेरीत लेखी कळवा. तोवर तालुक्याचा नोडल अधिकारी कोण, हे तहसील कचेरीत विचारून शाळेच्या फलकावर लिहून ठेवा. तक्रारीची मुदत तीन महिने आहे. सबळ कारण असले तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. पण दिवस मोजले जातात ते घटनेपासून.