चोरीस गेलेल्या गाडीचा दावा व प्रतिवादीची कैफियत

दिवाणी न्यायालयाचे समन्स हाती पडले म्हणजे आपल्या शेतकरीवर्गात दोन प्रकार दिसून येतात. कोणी धास्तावून वादीच्या दारी तडजोडीस धावतो, कोणी “दावा सपशेल खोटा आहे, मला कसले भय?” असे म्हणून तो कागद कोनाड्यात सारून देतो. यांतील दुसरा प्रकार अधिक घातक होय. प्रतिवादी हजर न राहिल्यास न्यायाधीशापुढे वादीचीच बाजू उरते व एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करवून घेण्यास तीस दिवसांची मुदत असते. समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल तर ती हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. शिवाय १८८७ च्या कायद्याखालील लघुवाद न्यायालयात असा अर्ज करताना हुकूमनाम्याची रक्कम अनामत भरावी लागते किंवा तिच्याबद्दल तारण द्यावे लागते. म्हणजे खोट्या दाव्याचे पैसे आधी मोजून मग तो खोटा आहे हे सांगण्याची पाळी येते!

उदाहरणादाखल खेड्यात सहज संभवणारा एक प्रसंग घेऊ. परगावचा एक ओळखीचा गृहस्थ आपली मोटारसायकल शेतकऱ्याच्या वाड्यात लावून एस. टी. ने शहरास जातो. रात्री गाडी चोरीस जाते. दोन वर्षांनी समन्स येते. त्यात नव्या गाडीची पूर्ण किंमत व मधल्या काळातील जाण्यायेण्याचा खर्च मागितलेला असतो.

येथे पहिला प्रश्न असा की, गाडी शेतकऱ्याच्या ताब्यात दिली होती काय? भारतीय करार कायदा, १८७२, याच्या कलम १४८ अन्वये दुसऱ्याची वस्तू परत करण्याच्या बोलीने ताब्यात घेणे यास निक्षेप म्हणतात. गृहस्थाने गाडी स्वतः लावली, कुलूप घातले व किल्ली खिशात टाकून तो निघून गेला, तर शेतकऱ्याने केवळ जागा वापरू दिली असे म्हणण्यास चांगला आधार राहतो. उलट किल्ली हाती देऊन “गाडी सांभाळा” असे सांगितले व शेतकऱ्याने ते मान्य केले असेल, तर निक्षेप झाला. भाडे घेतले नव्हते एवढ्याने तो टळत नाही. मात्र तेव्हाही कलम १५१ प्रमाणे, सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढीच काळजी अपेक्षित आहे. तेवढी घेतली असल्यास, वेगळा करार नसताना, कलम १५२ त्यास जबाबदारीतून मुक्त करते.

काळजी घेतली होती हे दाखविण्याचा भार मात्र ताबा घेणाऱ्यावर पडतो. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात पाहुण्याची मोटार नोकराने किल्लीसह ताब्यात घेतली होती व ती १९९८ साली चोरीस गेली. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हाच भार हॉटेलावर ठेवला. तेव्हा वाड्याचा दरवाजा त्या रात्री बंद होता, आपली स्वतःची गाडीही तेथेच उभी होती, गडी अंगणात निजला होता, असे जे खरे असेल ते साक्षीदारांसह मांडावयास हवे.

कैफियत समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत द्यावयाची असते; न्यायालय कारणे नोंदवून ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. कैफियतीत “मजकूर खोटा आहे” असे मोघम लिहिणे पुरेसे नाही. दाव्यातील प्रत्येक विधान वेगवेगळे नाकारले पाहिजे. जे नाकारले नाही ते कबूल धरले जाते. आमच्या मते अनेक चांगले दावे याच एका आळसापायी बुडतात. किल्ली दिली, अमुक दिवशी दिली, अमुक किंमत होती, या तिन्हींस स्वतंत्र उत्तर हवे.

वादीने चोरीची खबर पोलिसांत कधी दिली हेही पाहावे. खबरीत गाडी कोठे होती व किल्ली कोणापाशी होती हे लिहिलेले असल्यास, आजच्या दाव्यातील मजकूर त्याच्याशी जुळतो की नाही हे ताडून पाहता येते. खबरच दिली नसेल, तर तसे कैफियतीत अवश्य लिहावे. त्याचप्रमाणे गाडीच्या नोंदणीचा दाखला व विम्याचे कागद वादीने हजर करावेत अशी मागणी करावी. गाडी त्याच्या नावावरच नसेल, किंवा विमा कंपनीने तिची भरपाई आधीच दिली असेल, तर पुष्कळसा दावा तेथेच ढिला पडतो.

रकमेविषयी एक गोष्ट ध्यानात असावी. वापरलेल्या गाडीस नव्या गाडीचे मोल नसते. विम्याच्या हिशेबात चार वर्षांवरील व पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची किंमत पन्नास टक्के घट धरून काढतात. तो हिशेब न्यायालयावर बंधनकारक नसला तरी उत्तरात उपयोगी पडतो.

दावा जाणूनबुजून खोटा ठरल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ अन्वये प्रतिवादीस भरपाईदाखल खर्च मिळू शकतो. पण त्याची कमाल मर्यादा तीन हजार रुपये आहे, तेव्हा त्या आशेवर फारसे विसंबू नये. लोकअदालतीत प्रकरण नेण्यास हरकत नाही. मात्र तेथे सही केलेल्या तडजोडीस हुकूमनाम्याचे बळ असते व तिच्यावर अपील चालत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास तालुका विधि सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती आणि ठरीव मर्यादेपेक्षा कमी उत्पन्नाचे लोक यांस तेथे विनामूल्य वकील मिळतो. अर्जासोबत समन्स व दाव्याची नक्कल जोडावी, आणि समन्स कोणत्या तारखेस हाती पडले ते त्यावरच लिहून ठेवावे. मुदत त्या तारखेपासून चालू होते.