पॉलिग्राफच्या खुर्चीशेजारी

न्यायसहायक मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा पॉलिग्राफचा सराव चालू होता. खुर्चीत त्यांच्याच वर्गातली एक मुलगी. छातीला आणि पोटाला श्वास मोजणाऱ्या नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना घाम टिपणाऱ्या पट्ट्या. आकड्यांच्या चिठ्ठ्यांतली एक तिने उचलली होती आणि प्रत्येक आकड्याला ‘नाही’च म्हणायचं होतं. ‘तुझी चिठ्ठी चारची आहे?’ ‘नाही.’ मग शरीर पूर्वपदावर येईपर्यंत वीसेक सेकंद कुणी बोलायचं नाही. पाचला घामाची रेघ उसळली, श्वास आखडला, आणि वर्ग खूश झाला. पुढच्या मुलाची रेघ मात्र भलत्याच आकड्याला चढली. नेमकं तेव्हाच बाहेर कुणीतरी दार आपटलं होतं.

बाईंनी आलेखावर त्या जागी खूण केली आणि शेजारी ‘दाराचा आवाज’ असं लिहिलं. मला ती खूण फार मोलाची वाटली. यंत्र घाम, श्वास आणि नाडी दाखवतं. रेघ भीतीने चढते, तशी संतापानेही चढते. म्हणून चाचणीआधीची लांबलचक मुलाखत महत्त्वाची. तिथे झोप, औषधं, आजार विचारले जातात आणि पुढे येणारा प्रत्येक प्रश्न आधीच वाचून दाखवला जातो.

अशा आलेखांवर माणसांची आयुष्यं टांगली गेली आहेत. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप देताना मेंदूलहरींच्या चाचणीचाही आधार घेतला होता. पुढे 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात स्पष्ट केलं, की नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूलहरींची चाचणी कुणावरही सक्तीने करता येणार नाही आणि संमती न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवली पाहिजे. या विषयाचा पहिला धडा हाच निकाल असावा, असं मला मनापासून वाटतं.

बरीच मुलं मालिकांमधले गुन्हेगाराचं मन ओळखणारे तज्ज्ञ पाहून इकडे वळतात. आपल्याकडच्या नोकऱ्या वेगळ्या आहेत. राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळांत मानसशास्त्रासाठी वैज्ञानिक सहायकाचं पद असतं. शिकण्यासाठी गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे, त्याचं एक संकुल गोव्यातही आहे. कुटुंब न्यायालयांत समुपदेशक लागतात. तुरुंगांतल्या कामासाठी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 1990 पासूनचा ‘प्रयास’ प्रकल्प जरूर पाहावा.

पण सगळ्यात अवघड काम बाल न्याय मंडळापुढचं. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 15 नुसार, 16 ते 18 वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याचा खटला प्रौढासारखा चालवायचा का, हे ठरवण्याआधी प्राथमिक मूल्यांकन होतं. मंडळावर बालमानसशास्त्राचा जाणकार सदस्य नसेल, तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं. मुलाने गुन्हा केला की नाही, हा इथे प्रश्नच नसतो. शाळा कधी सुटली, घरी कोण आहे, डोक्याला कधी मार लागला होता का, नशा कधीपासून, अशा वाटेने मानसशास्त्रज्ञ मुलाच्या समजेपर्यंत पोहोचू पाहतो. या मूल्यांकनाला कायद्याने मुदत तीन महिन्यांची. तेवढ्या काळात निरीक्षणगृहात राहून आणि वकिलांचं ऐकून मुलाला अशा कृत्याचे परिणाम चांगलेच कळलेले असतात. अहवालात लिहायचं असतं, ते घटनेच्या वेळी त्याला काय कळत होतं याबद्दल. कधी कधी ‘निश्चित मत देता येत नाही’ एवढंच प्रामाणिकपणे लिहिता येतं, आणि मंडळाला उत्तर हवं असताना ते वाक्य लिहून खाली सही करावी लागते.