नारळ फोडण्याआधी

माझी सगळी नोकरी ग्रामीण पाणीपुरवठ्यात शाखा अभियंता म्हणून झाली. पाइपमुळे रखडलेली योजना मला क्वचितच भेटली. योजना रखडतात त्या माणसं वेळेवर एकमेकांशी न बोलल्यामुळे.

एका लहान वाडीच्या नळयोजनेत किती जण असतात पाहा. विहिरीची जागा भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे भूवैज्ञानिक सुचवतात, अंदाजपत्रक जिल्हा परिषद करते, काम ठेकेदार करतो, पंपाला वीज महावितरण देतं. पाइप रस्ता ओलांडणार असेल तर बांधकाम विभागाची परवानगी लागते, वनजमीन आली तर वनविभागाची. आणि विहिरीची जागा पुष्कळदा कुणा शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर असते.

डोंगरपायथ्याच्या एका गावात अशाच एका आजोबांनी जागा तोंडी दिली. बक्षीसपत्र राहून गेलं. विहिरीला पाणी लागलं, टाकी उभी राहिली, तोवर आजोबा वारले आणि त्यांचे दोन्ही मुलगे अडून बसले. गावानं त्यांना नावं ठेवली. मला मात्र त्यांची भीती रास्त वाटली. १९९३च्या भूजल कायद्यानं पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदायला मनाई केली होती. गावाला पाणी द्यायचं आणि आपल्या शेताची वाट बंद करायची, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्या जुन्या विहिरीला हात लागणार नाही, असा ठराव ग्रामसभेनं केला तेव्हा कुठे बक्षीसपत्र झालं. हे बोलणं आजोबांच्या हयातीत, त्यांच्याच ओट्यावर व्हायला हवं होतं.

२०१९पासूनच्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी ठरलं आणि गावच्या पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात असंही ठरलं. चढावरच्या कुठल्या घरांना पाणी पोचणार नाही, हे त्या नकाशा न बघता सांगतात. पण अनेक गावांत इतिवृत्त आधी लिहून सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. याचा मला राग येतो. रोज पाणी सोडणाऱ्या माणसाला तर बैठकीचं निमंत्रणच नसतं, आणि कुठला व्हॉल्व्ह गळतो हे फक्त त्यालाच ठाऊक असतं.

तुमच्या गावात योजना येणार असेल तर ग्रामसभेत उभं राहून दोन कागद मागा: जागेचं बक्षीसपत्र आणि वीजजोडणीची मंजुरी. ते हातात येईपर्यंत भूमिपूजनाचा नारळ फोडू देऊ नका.