पलुस्करांनी सुचवलेला गायक

साबरमती आश्रमासाठी गांधीजींना गायक हवा होता. विष्णु दिगंबर पलुस्करांनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना धाडले. पंडित खरे यांनी नरसी मेहता, मीरा, तुकाराम, रवींद्रनाथ यांची पदे निवडून ‘आश्रम भजनावली’ सिद्ध केली. निवडणारा कान गवयाचा होता, म्हणूनच हा संग्रह टिकला. गांधीजींबरोबर ही भजने वर्ध्याला आली. १९३६ साली खंजिरीवर भजने गाणारे संत तुकडोजी महाराज वर्ध्याजवळ गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात महिनाभर राहिले. लाकडी कडे, ताणलेले कातडे, किणकिणत्या चकत्या. एवढ्याशा खंजिरीवर गायलेली त्यांची भजने गावोगावच्या भजनी मंडळांनी उचलली. सेवाग्राम आश्रमात आजही सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते. एकदा जाऊन बसा, ऐका.