लाल रेषेच्या आत

2005च्या महापुराला वीस वर्षे उलटली, आणि सांगलीत पुन्हा तीच मागणी कानावर येते: पूररेषा ढिली करा, बांधकामे अडलीत. ऐकून संताप येतो.

पूररेषांच्या 1989च्या सरकारी परिपत्रकाची कथा थोडक्यात उरकतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत बांधकामाला बंदी, दोन रेषांच्या मध्ये निर्बंध. पुढची पंधरा वर्षे या रेषांचे कुणाला सोयरसुतक नव्हते.

घात झाला तो 2005 नंतरच्या दहा वर्षांत. पाणी ओसरले तेव्हा भिंतीभिंतीवर गाळाचा पट्टा उरला होता. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड. कुणाच्या उंबऱ्यावर किती चढले, हे बायाबापड्यांना तोंडपाठ होते. तो पट्टा तेव्हाच घरोघरी मोजून नकाशावर चढवायला हवा होता. त्याऐवजी भिंतींना चुना लागला आणि मळीच्या जमिनीत गुंठ्यागुंठ्याचे प्लॉट पडले. स्टँपपेपरवर व्यवहार, डंपरने मुरमाचा भराव, त्यावर जोते. कृष्णा चढली की नाल्यांतून उलटी गावात शिरते. एक नाला बुजवला की ते पाणी शेजारच्या वस्तीत घुसते. म्हणून नुसती नदीच्या कडेने ओढलेली रेषा पुरत नाही, नाला न् नाला नकाशावर हवा. त्या काळात एका कार्यालयात मी पूररेषेचा नकाशा पाहायला मागितला. "तुमचा प्लॉट आहे का तिथं?" असा उलट प्रश्न आला. नकाशा काही मिळाला नाही.

मग 2019. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 फुटांच्या वर गेले. ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे गेली. दोनच वर्षांत, 2021ला, पुन्हा पन्नाशी ओलांडली. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर भांडायला सगळे पक्ष तयार असतात. पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवरही बोट ठेवले होते, त्यावर मात्र सगळ्यांची दातखीळ बसते. सोळा वर्षांत तीन महापूर पाहिलेल्या गावाने रेषा नदीकडे सरकवायची भाषा करावी, हा निर्लज्जपणा आहे.

निळी आणि लाल, दोन्ही रेषांची नोंद सातबाऱ्यावर आणि प्रॉपर्टी कार्डावर करा. खरेदीखताच्या वेळी ती घेणाऱ्याला वाचून दाखवा. आणि कृष्णाकाठी जागा घेणाऱ्यांनो, इसार देण्याआधी शेजारच्या घरात जाऊन 2019चे पाणी कुठवर आले होते, ते विचारा.